बियाची काकडी

घोटणवाडी, पेठा भुदरगड
कार्तिक शुद्ध दशमी, सन १९१०

बाळासो,

आशीर्वाद मागनं देते. आधी सांग, काकडी कुठं हाय?

कुठली म्हणून इचारू नगंस. मांडवाच्या उगवतीच्या कोपऱ्यात, पानाआड, पिवळीधमक, हातभर लांब, देठापाशी चुन्याचं बोट लावलेली. भाऊबीज झाली नि दुसऱ्या दिवशी तू उजाडताना निघालास. मी म्हशीखाली बसलेली. तिथनंच म्हणाले, परड्यात जा नि तुझ्या बायकोसाठी, शालूसाठी, काय पायजे ते घे. काय पायजे ते म्हणजे दोडका घे, वरणा घे, अळूची जुडी घे. वाडीचं काळीज उपटून पिशवीत घाल, असं न्हवते म्हणाले.

तुला ह्या परड्याची रीत ठावी न्हाई, कारण तू येतोस दोन दिस, त्यातबी जेवतोस नि घोरतोस. म्हणून लिवते. हे परडं माझ्या एकटीचं न्हाई. हितं भोवतीनं रान. एकटीदुकटीच्या कुंपणाला गवा भीक घालत न्हाई. डुकरं, साळिंदरं, वानरं तर सोडूनच दे. म्हणून सगळ्या वाडीचं मिळून एक परडं, एक कुंपण. काटं सगळ्यांनी तोडायचं, मचाणावर राखण पाळीनं करायची, आत वाफा ज्याचा त्याचा. आषाढात वाट बंद झाली की हितं बाजार न्हाई, मंडई न्हाई. पालेभाजी पावसानं कुजती. तेव्हा भाकरीसंगं ही मांडवावरची काकडीच असती, श्रावण-भादवा सारा. तुमची कोल्हापूरची काकडी लावून बघितली एका साली. आमच्या पावसात तिचा चिखल झाला. आमचं बीच आमच्या पावसात टिकतं.

आता बी कसं धरतात ते ऐक. काकडी आमी कवळीच खातो नि कवळीत बी धरत न्हाई. म्हणून दरसाल एका घरच्या वेलावर एक काकडी राखायची, सगळ्या वाडीची मिळून. तिला चुन्याचं बोट लावायचं. ती पिकून देठ वाळेस्तवर कुणी हात लावायचा न्हाई. अक्षय तृतीयेला तिचं बी घरटी वाटायचं. मागल्या सालचं बी ठेवून उपेग न्हाई, एका पावसात बुरशी धरती. औंदा बियाचा वेल माझा होता.

काल बाळाबाई काठी टेकत बघायला आली. वाडीतली सगळ्यांत थोरली बाई, डोळ्यांनी अधू, हातानं चाचपून बघती. चाचपलं नि म्हणाली, "चिमणे, देठ हाय हितं. काकडी कुठं गेली?"

सांगितलं, भावानं नेली. लपवायचं कशाला?

नेम असा हाय की ज्याच्या हातनं बी गेलं त्याचा वाफा सालभर कुंपणाच्या भाईर. भाईर म्हणजे गव्याच्या तोंडात. काकडी सगळ्या वाडीलाच न्हाई, नि वर पावसाळाभर मी नि तुझ्या दाजीनं मीठ-भाकरी खायची नि दुसऱ्याचा वाफा बघायचा. अक्षय तृतीयेला बी आणून दिलं तर आत.

कापली नसलीस तर तशीच ठेव. कापली असलीस तर बी राखेत चोळून ठेव. बियासकट गिळली असलीस तर हिकडं फिरकू नगंस.

चिमणाबाई

कोल्हापूर
कार्तिक वद्य सप्तमी

ती. आक्कास बाळासोचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. आक्का, मला खरंच ठाऊक नव्हतं. चुन्याचं बोट दिसलं आणि मला वाटलं तूच माझ्यासाठी खूण करून ठेवलीस. कसबा बावड्याला आई काय करायची ते आठव. मळ्यातल्या एखाद्या कलिंगडाला, परसातल्या पेरूला चुना लावायची आणि घरभर बजावायची की हे बाळूचं, कुणी तोडायचं नाही. तू त्यावरून किती भांडायचीस. तर त्या दिवशी तो चुना बघितला आणि आई आठवली. म्हटलं, आक्का तोंडानं एवढी फाडून खाते, पण आईसारखी माझी काकडी राखून ठेवली. विचारलं नाही ते त्यामुळंच.

पण आता तिचा काही उपयोग नाही. गाडीत पोत्याखाली चेपली. गारगोटीला पिशवी उघडली तर पाणी सुटलेलं. नदीकाठी टाकून दिली. फार वाईट वाटतं. तुमच्या बाळाबाईंना माझ्या वतीनं हात जोडून सांग. मंडईतून चांगलं बी बघून पाठवतो, तूर्त ते लाव.

पागेत महाराजांची दोन घोडी आजारी आहेत, त्यामुळं रात्रंदिवस तिथंच असतो. जास्त लिहीत नाही. शालू बरी आहे. नमस्कार सांगते.

तुझा
बाळासो

घोटणवाडी
मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

बाळासो,

खोटं बोलताना तू घोड्याला आजारी पाडतोस. शाळेत असताना मास्तरला सांगायला बैल आजारी पाडायचास. तेच तू नि तेच तुझं जनावर.

पिकली काकडी पोत्याखाली चेपती व्हय? तिची साल म्हशीच्या शिंगासारखी असती. डोक्यात घातली तर डोकं फुटंल. तुझं पत्र तुझ्या दाजीनं ऐकलं. तो वरीसभरात चार शब्द बोलतो, त्यातलं दोन त्यानं त्या दिवशी खर्चलं. म्हणाला, "खोटं हाय."

आता ऐक. आमच्या वाडीचा हंबीरराव हिरड्याच्या गाड्या घेऊन कोल्हापूरला गेलता. तुझ्या दारात पाणी प्यायला थांबला. दारात शालू न्हवती. शेजारची मुसलमानाची बाई तांब्या घेऊन आली. पावणं कुठलं म्हणून तिनं इचारलं. ह्यानं वाडीचं नाव सांगितलं तशी म्हणाली, तुमच्या वाडीची काकडी लई गोड, गूळ घालून वड्या केल्या, सगळ्या गल्लीनं खाल्ल्या. वर म्हणाली, शालू दसऱ्यापासनं हिवतापानं पडून हाय, आत्ता कुठं उठून बसती.

तर मला दोन गोष्टी सांग.

एक. बायको तापानं फणफणलेली असताना तू माझ्या पाटावर बसून करंज्या खाल्ल्यास? मी इचारलं शालू का आली न्हाई, तर म्हणालास, तिला गाडी लागती. मी मनात म्हटलं, आली असती तर काय झालं असतं, लई शहरची झाली. तिला चार दिस शिव्या घातल्या मी मनात. त्या आता कुणी परत घ्यायच्या?

दोन. ती बाई दस्तगीर बागवानाची बायको, असं हंबीरराव म्हणतो. बागवानाचा धंदा भाजीचा. म्हणजे तू ती काकडी त्यांना इकलीस. भाऊबीजेची वस्तू इकलीस, मग मला नदी दाखवलीस. न्हाई म्हणत असशील तर खरं काय ते लिव.

चुन्याचं म्हणशील तर आई तसं करायची, मला आठवतंय. माझ्यासाठी तिनं एका पेरूला कधी बोट लावलं न्हाई. ते ऱ्हाऊ दे.

हितं कुंपणाचं काम सुरू झालंय. करवंदीचं नि बोरीचं काटं मी सगळ्यांच्या बरोबरीनं ओढते. कुणी वाईट बोलत न्हाई. पण वाफ्यांची आखणी झाली तेव्हा माझ्या वाफ्यापाशी दोरी आली नि थांबली. बाळाबाई म्हणाली, "हे तसंच ऱ्हाऊ दे, अक्षय तृतीयेला बघू." कुदळ घेऊन मी उभीच. शेजारच्या बायकांनी आपापली माती उकरली नि मी बघत बसले. असं रिकामं मला आजवर कुणी बसवलं न्हवतं.

मंडईतलं बी पाठवू नगंस. आलं तर कोंबड्यांना घालीन.

चिमणाबाई

कोल्हापूर
मार्गशीर्ष वद्य दशमी

ती. आक्कास नमस्कार.

विकली नाही. दिली.

दसरा झाला आणि शालूला हिवताप धरला. दिवसाआड थंडी वाजायची, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मी पागेत. घरात दुसरं कोण? भिंतीला भिंत लागून दस्तगीरभाईंचं घर. त्यांची खैरुनबी पहाटे मंडईत भाजी पोचवून यायची ती थेट आमच्याकडं. पेज करायची, पाजायची, अंग पुसायची. भाऊबीजेला मी येणार नव्हतोच. शालूनंच ढकललं. म्हणाली, आक्का दारात वाट बघत उभी राहील, आणि माझ्या तापाचं तिथं बोलू नका, सणाचं ताट ती टाकून देईल. खैरुनबी म्हणाली, जा भाऊ, मी आहे.

परत आलो तर शालूचा ताप उतरलेला आणि खैरुनबी तिच्या पायापाशी बसल्या बसल्या पेंगत होती. आक्का, त्या बाईला द्यायला माझ्या घरात काय होतं? पिशवीत तुझी काकडी होती. मला वाटलं होतं ती तू माझ्या नावानं राखलीस. माझ्याजवळ तेव्हा त्याहून मोलाचं काही नव्हतं. ती तिच्या हातात ठेवली. मग तुझं पत्र आलं. बहिणीची भाऊबीज दुसऱ्याला देऊन टाकली हे लिहायला हात होईना, म्हणून नदीत टाकली.

आता चांगली बातमी. खैरुनबीनं बी टाकलं नाही. बागवानाचं घर, बी टाकतील कसं? असली काकडी तिनं कधी बघितली नव्हती. राखेत चोळून ठेवलं.

आता वाईट बातमी. कळंब्याच्या तळ्याखाली त्यांचा मळा आहे. तिथं पाटाच्या कडेला तिनं थोडं बी टोकलं. उरलेलं सुपात वाळत घातलं होतं, ते कोंबड्यांनी टिपलं. तेव्हा बी म्हणून आता हातात काही नाही. वेल आहेत. दोन-दोन पानांवर.

तुझी पत्रं तिला वाचून दाखवली. ती घाबरून गेली. म्हणते, आक्काला विचार, वेल उपटून पाठवू का?

बाळासो

घोटणवाडी
पौष शुद्ध एकादशी

बाळासो, हे खैरुनबीला मोठ्यानं वाचून दाखव. मधी आपली अक्कल घालू नगंस.

खैरुनबी, उपटू नगंस बाई. उपटलेला वेल पाठवलास तर मी काय त्याची माळ करून घालू?

मी सांगते तसं कर. तू बागवानीण, तुला ठावं असंलच, तरी सांगते, कारण माझा वाफा त्यावर टांगलाय. आसपास दुसरी काकडी हाय का ते आधी बघ. असली तर फुलातनं सरमिसळ होती नि बी आमचं ऱ्हात न्हाई. वेल भुईवर पसरू देऊ नगंस, मांडव कर. पयल्या धरतील त्या कवळ्या तोड नि खा, वेलाला जोर येतो. मग चांगल्या बघून दोन राख. एकीवर भरवसा ठेवायचा न्हाई, माझं काय झालं ते तू खाल्लंयसच. देठ वाळून काडी होईस्तवर तोडू नगंस. नि चुना लावशील तर आधी घरात सगळ्यांना सांग, चुना कशापायी लावलाय.

शालूला तू पेज पाजलीस. ते करणं आमच्या घरच्या माणसाचं होतं. आमाला कळलंच न्हाई. काकडी तुला दिली त्याचा मला राग न्हाई, ती तुला कमीच पडली. राग हाय तो भावाच्या नदीचा.

शालूला म्हणावं, ताट टाकून दिलं असतं हे खरं. पण ताट टाकून मी कोल्हापूरला आले असते. पुन्यांदा असं लपवलंस तर दोघांना एका दावणीला बांधीन.

चिमणाबाई

कोल्हापूर
चैत्र शुद्ध नवमी, सन १९११

आक्कांना खैरुनबीचा सलाम. मी सांगते नि बाळासोभाऊ लिहितो. मी म्हटलंय, जसं बोलते तसंच लिव.

आक्का, तुमचं पत्र ऐकून आधी भ्याले, मग हसले. आमचे मालक म्हणाले, ही बाई मंडईत आली तर आमी सगळे उठून घरी जाऊ.

मळ्यात दुसरी काकडी न्हाई. वांगी, मिरची, मेथी, पोकळा एवढंच आमी करतो. मांडव केला. पयल्या काकड्या शालूनं नि मी खाल्ल्या. दोन राखल्या. फाल्गुनात एक दिवस गेले तर एकीचं नुसतं साल. कोल्ह्यानं खाल्ली.  लगीच बोरीची झुडपं तोडली नि दुसरीला भोवतीनं काटं लावलं, एका काकडीला. मालक म्हणाले, पन्हाळा बांधलास की.

मग एक गिऱ्हाईक आलं, पोरीच्या लग्नात गुळाच्या वड्या करायच्या म्हणून तीच पिवळी मागायला लागलं. मालक माझ्याकडं बघायला लागले. त्यांचा जीव गिऱ्हाइकात. मी म्हटलं, ही इकायची न्हाई. ते म्हणाले, आपल्या मळ्यातली हाय नि इकायची न्हाई? मी म्हटलं, व्हय, न्हाई इकायची.

आक्का, खरं सांगू का, असं मी कधी बोलले न्हवते. आमच्या मळ्यात जे उगवतं ते पहाटे मंडईला जातं. घरात शिजतं ते उरलेलं, वाकडंतिकडं, किडकं. लगीन होऊन आले तवापासनं घरासाठी म्हणून मी एक दाणा लावलेला न्हाई. ही काकडी पयलीच, जी मी राखली.

देठ वाळला. काल तोडली. बी भरलेलं, जड हाय. राखेत चोळून, फडक्यात बांधून भाऊंच्या हाती देते. कोंबड्या कोंडून ठेवल्यात.

शालू बरी हाय, अंग धरलंय. ती म्हणते, आक्कांना माझा नमस्कार लिवा नि दावणीचं इसरलेले न्हाई म्हणून लिवा.

खैरुनबी दस्तगीर बागवान

घोटणवाडी
वैशाख शुद्ध अष्टमी

खैरुनबी,

हे पत्र तुला हाय, बाळासोला न्हाई. त्यानं नुसतं वाचायचं.

तो अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला आला. फडकं छातीशी धरून, जसं काय आत तान्हं मूल हाय. पाणी बी प्याला न्हाई, थेट बाळाबाईच्या ओसरीवर. सगळी वाडी गोळा झाली. बाळाबाईनं बी तळहातावर घेतलं, बोटांनी फिरवलं, एक दाताखाली फोडलं. लई वेळ चावत बसली. दात दोनच उरलेत तिला, म्हणून जास्तच लांबलं.  मग म्हणाली, "हेच. उलट भरलंय जास्त. कळंब्याचं पाणी मानवलं ह्याला."

दुसऱ्या दिवशी घरटी बी वाटलं. मला वाटलं झालं, माझ्या वाफ्याची दोरी आता टाकतील नि मी कुदळ घेईन. तर म्हातारी म्हणाली, थांबा. रीत अशी हाय की ज्याच्या हातनं बी गेलं तो भाईर, नि ज्याच्या हातनं बी आलं त्याचा कुंपणात वाटा. बी बागवानिणीच्या हातनं आलं, वाटा तिचा.

हंबीरराव उठला. म्हणाला, ती कोल्हापुरात. काटं कोण तोडणार, मचाणावर पाळी कोण करणार? नि वर हळूच म्हणाला, त्यात ती बागवानाची.

बाळाबाई म्हणाली, "बागवानाची म्हणून तर बी आलं. तुझ्या घरात ती काकडी गेली असती तर तू बीसुद्धा तळून खाल्लं असतंस."

हंबीरराव बसला. वाडी हसली. मग सगळ्यांसमोर ठरलं ते असं. कुंपणाच्या आत नवा वाफा काढायला जागा न्हाई. बी वेळेवर आलं म्हणून चिमणाबाई आत ऱ्हायली. पण तिच्या हातनं गेलं हे बी खरं. म्हणून तिच्या वाफ्याचा अर्धा तुकडा खैरुनबीचा. तुझ्या वाटणीचं काटं मी तोडायचं, तुझी राखणीची पाळी मीच करायची.

मी भांडले. म्हटलं, वाफा अर्धा नि काम दुप्पट, हा कुठला न्याय? बाळाबाई म्हणाली, हाच. बाळासोचा दाजी उठला नि मधोमध दगड लावत सुटला. उगवतीकडचा अर्धा, पाण्याच्या अंगाचा, तो तुझा ठेवला त्यानं. मी म्हटलं, अहो, चांगला तुकडा तिला? तर त्यानं फुडचा दगड लावला.

मग मी कुदळ घेतली. तुझा तुकडा आधी खणला, मग माझा. माती अशी काळी, ओली, बोटानं उकरावी. शेण घातलं, पाला घातला. बाळासोला दिवसभर दगड वेचायला लावलं. हातांना फोड आलेत म्हणून कण्हत होता, तुला दाखवील. दाद देऊ नगंस.

तर आता सांग, तुझ्या तुकड्यात काय लावायचं. काकडी सांगू नगंस, ती मांडवावर सगळ्यांची हायच. बाजारात काय खपतं त्याचा इचार करू नगंस. हितं घेणार कोण, वानरं? तुला काय खावंसं वाटतं ते सांग. दस्तगीरला इचारलंस तर तो गिऱ्हाइकाचंच सांगंल, म्हणून त्याला इचारू नगंस. पावसात तुझा माल तुझ्यापर्यंत पोचायचा न्हाई. जे टिकंल ते दसऱ्यानंतर हंबीररावच्या गाडीतनं येईल. बाकीचं ताजं खायचं असंल तर औंदा भाऊबीजेला शालूसंगं तू हिकडं ये. मचाणावर एक दिवस तुला बसवीन, हौस म्हणून न्हाई, तुझी पाळी म्हणून.

घरासाठी काय लावायचं हे तू आजवर कधी ठरवलं न्हाईस, तेव्हा लई येळ लावशील, मला दिसतंय. येवढा येळ हितं न्हाई. मृग लागला की वेदगंगा चढती नि डाकवाला पलीकडच्या काठालाच ऱ्हातो. वटपौर्णिमेच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पायजे. न्हाई आलं तर तुझ्या अर्ध्यात मी कारली लावीन, नि भाऊबीजेला माझ्या पाटावर बसून ती समदी तुला खावी लागतील.

चिमणाबाई